कुणाच्या हाताखाली, ते लिहून ठेवा

पिंपरी-चिंचवडमध्ये एके काळी सोयरीक जुळवताना मुलाच्या नोकरीबद्दल दोनच गोष्टी विचारल्या जायच्या. कंपनी कुठली, आणि परमनंट आहे का? टेल्को म्हटलं, बजाज म्हटलं, की पुढची बोलणी चहाबरोबरच उरकायची. मुलगा मशीनवर उभा असतो की टेबलाशी बसतो, याची फारशी चौकशी कुणी करत नसे. आता बायोडाटात 'एक्झिक्युटिव्ह', 'ऑफिसर', 'टीम लीडर' असं काहीतरी लागतं. 'ऑपरेटर' लिहिलं की मुलीकडचे पुन्हा फोन करत नाहीत, असं मध्यस्थ सांगतात. पोरांची ही हौस कंपन्यांच्याही लक्षात आली. पगारवाढ द्यायची तर पैसे लागतात, पदनाम छापायला फक्त शाई लागते.

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, भोसरी, तळवडे या पट्ट्यात काम करणाऱ्या तरुणांना आणि गावाकडे असलेल्या त्यांच्या आई-वडिलांना या पदनामाबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत. सुरुवात थोडी लांबून, इटलीतून करतो. चाकणला ब्रेक बनवणारी ब्रेम्बो, रांजणगावला फियाट, बारामतीला तीनचाकी बनवणारी पियाजिओ, म्हणजे इटली आपल्याला तशी परकी नाहीच.

इटालियन भाषेत 'सुबोर्दिनातो' असं एक विशेषण आहे. लॅटिनमधून आलेलं. अर्थ सरळ आहे : क्रमाने खालचा, दुसऱ्याच्या आज्ञेत असलेला. व्याकरणातल्या गौण वाक्यालाही हेच विशेषण लागतं. आपल्याकडे 'हाताखालचा' म्हटलं की माणसाचा चेहरा पडतो. तिथल्या कायद्यात मात्र या विशेषणाला मोठं वजन आहे. इटलीची नागरी संहिता 1942 ची. तिच्या कलम 2094 मध्ये नोकरदाराची व्याख्या आहे ती अशी : मोबदला घेऊन, उद्योजकाच्या अधीन राहून आणि त्याच्या निर्देशानुसार जो बुद्धीचं किंवा हाताचं काम करतो, तो 'सुबोर्दिनातो' कामगार. एकदा हे विशेषण लागलं की भरपगारी रजा, आजारपणातलं संरक्षण, मनमानीने काढून टाकण्याविरुद्धची दाद, निवृत्तिवेतनाचा वाटा हे सगळं मागोमाग येतं. जो 'स्वतंत्र' ठरतो, त्याचं त्याने बघायचं.

म्हणून तिथला कामगार कोर्टात जाऊन भांडतो की साहेब, मी हाताखालचाच आहे, मला स्वतंत्र म्हणू नका. तुरिन शहरात सायकलवरून जेवणाचे डबे पोचवणारी काही पोरं अशीच भांडली. कंपनीचं म्हणणं होतं, ही मुलं स्वतंत्र आहेत, वाटेल तेव्हा काम करतात. जानेवारी 2020 मध्ये इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला की अधीन कामगाराचं संरक्षण यांनाही लागू आहे. वाकड-हिंजवडीत रात्री साडेअकराला पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन लिफ्टची वाट पाहणाऱ्या आपल्या पोराला कंपनी 'पार्टनर' म्हणते. नफ्यात वाटा नसलेला हा पार्टनर मला अजून समजलेला नाही.

जाता जाता एक. हेच विशेषण कर्जरोख्याला लागलं की अर्थ फिरतो : बँक बुडाली तर पैसे परत मिळण्याच्या रांगेत तुम्ही मागे. नोव्हेंबर 2015 मध्ये इटलीत चार बँका सरकारने सावरल्या, पण 'सुबोर्दिनाते' रोखे घेतलेल्या हजारो साध्या ठेवीदारांचे पैसे शून्य झाले. अनेकांनी ते विशेषण वाचलंच नव्हतं. सही करायच्या कागदावर नामापेक्षा विशेषण महत्त्वाचं असतं, ते असं.

आता चाकणला या.

आपल्याकडचा मूळ कायदा 1947 चा औद्योगिक विवाद कायदा. त्यात 'कामगार' कोण हे ठरवताना पदनाम विचारलेलंच नाही, काम विचारलंय. हाताचं, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी, असं काम करणारा तो कामगार, मग पगार कितीही असो. सीएनसी मशीन चालवणारा जुना परमनंट ऑपरेटर महिन्याला ऐंशी हजार घेत असेल, तरी तो कामगारच. वगळले आहेत ते व्यवस्थापक, आणि ठराविक पगाराच्या वरचे पर्यवेक्षक, म्हणजे आपल्या भाषेत सुपरवायझर. 2010 पासून ही रेघ दहा हजारांची होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती अठरा हजारांची आहे. चाकणमध्ये अठरा हजारांच्या आतला खरा सुपरवायझर शोधावा लागेल. तेव्हा मुद्दा एवढाच उरतो : तुम्ही सुपरवायझर आहात की फक्त तसं छापलंय?

हा फरक वरवरचा नाही. कामगाराला काढायचं तर नोटीस, भरपाई, शिस्तभंगाचा आरोप असेल तर चौकशी. चुकीचं काढलं असेल तर कामगार न्यायालय त्याला परत कामावर घ्यायला लावू शकतं. 'स्टाफ'ला यातलं काही नाही. त्याच्या पत्रात लिहिलेली एक किंवा तीन महिन्यांची नोटीस, नाहीतर तेवढा पगार हातावर, आणि गेटपास जमा. त्याने दिवाणी न्यायालयात जायचं, तिथे फार तर नुकसानभरपाई मिळेल, खुर्ची परत मिळत नाही. ओव्हरटाइमचंही तसंच. कामगाराला ज्यादा तासाचे दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. 'एक्झिक्युटिव्ह' मात्र रात्री दहापर्यंत थांबला तरी त्याला 'डेडिकेशन'चं कौतुक मिळतं.

असं एखादं नेमणूकपत्र जवळून बघा. डिप्लोमा झालेल्या मुलाचं. पहिली दोन वर्षं ट्रेनी होता, आता 'ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह, प्रॉडक्शन'. पहिल्या पानावर अभिनंदन आणि पगाराचा तक्ता. सगळं घर हेच पान वाचतं, फोटो काढून मामाला पाठवतं. तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरात असतं की तुमची नेमणूक व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय श्रेणीत आहे, कामाचे तास कंपनीच्या गरजेनुसार राहतील, बदली देशात कुठेही होऊ शकेल, आणि कोणतंही कारण न देता दोन्ही बाजूंना नोटीस देऊन हा करार संपवता येईल. मुलगा सकाळी सहाच्या शिफ्टला जातो तेव्हा करतो काय? वेल्डिंग रोबोची टिप बदलतो, रिजेक्शन मोजतो, माणूस कमी असेल तर स्वतः स्टेशनवर उभा राहतो, तासाचा आकडा बोर्डावर लिहितो. रजा मंजूर करत नाही, कुणाला मेमो देत नाही, कुणाची पगारवाढ ठरवत नाही. लाइनवरच्या नीलेशला उद्या सुट्टी हवी असेल, तर हा वरच्या साहेबाला विचारून सांगतो.

या मुलाला कायदा काय म्हणेल? मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीविरुद्ध 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. लघुलेखक-हिशेबनीस म्हणून लागलेला माणूस, पुढे 'असिस्टंट' झाला, मग त्याला काढलं. कंपनी म्हणाली, तो कामगार नाहीच. न्यायालयाने सांगितलं की माणसाचं मुख्य, प्रधान काम काय ते बघा. वरवरची जोडकामं आणि नाव बघून ठरवू नका. हा निकाल आजही वकील पुढे करतात. म्हणजे दार बंद नाही. पण ते दार उघडायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा नोकरी गेल्यावर मिळत नाही. कॉम्प्युटरचं लॉगिन त्या दिवशीच बंद होतं.

म्हणून पहिली विनंती अशी की आपण रोज काय करतो, त्याचा आपल्यापाशी कागद ठेवा. कंपनीची गुपितं, ड्रॉइंग, ग्राहकांची माहिती घरी आणायची नाही. तसं केलं तर तेच कारण दाखवून घरी बसवतील. पण तुमचं नेमणूकपत्र, बढतीचं पत्र, प्रत्येक पगारपत्रक, शिफ्टचं वेळापत्रक, रजेचा अर्ज कुणी मंजूर केला तो मेसेज, हे तुमचं आहे. साधी वही घाला. तारीख, शिफ्ट, कुठल्या स्टेशनवर काम केलं, कुणी सांगितलं. दोन ओळी पुरतात.

कंत्राटी मुलांची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. 'स्टाफ'च्या बाबतीत विचारायचं, तू कुणाला हुकूम देतोस? कंत्राटी माणसाच्या बाबतीत विचारायचं, तुला हुकूम कोण देतो?

खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडीत एका खोलीत चार-पाच जण राहतात. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळ, आणि बिहार-ओडिशाचेही. नोकरी कुठे, विचारलं तर कंपनीचं नाव सांगतात. पगार कोण देतं, तर ठेकेदाराचं. पीएफ कुणाच्या नावावर? इथे पोरगं गप्प बसतं. सहा-सात महिने झाले की 'ब्रेक' मिळतो. थोडे दिवस गावाला जाऊन ये, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच लाइनला घेतो. टोपीचा रंग बदलतो, स्टेशन तेच. मधली काही वर्षं 'नीम ट्रेनी' नावाने हेच चाललं. शिकाऊ म्हणायचं, स्टायपेंड द्यायचा आणि उत्पादन मात्र पूर्ण घ्यायचं. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात शिकाऊ हा कामगार धरलेला नाही, हे ठीकच आहे, पण शिकवणाराच कुठे दिसत नसेल तर तो शिकाऊ कसला?

हा 'ब्रेक' कशासाठी, ते समजून घ्या. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तात्पुरत्या कामगाराची बारा महिन्यांत 240 दिवस सेवा भरली की त्याला कायम करण्याची तरतूद आहे. दोनशे चाळीसचा तो आकडा भरू द्यायचा नाही, म्हणून ब्रेक. आणि केवळ कायमपणा नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं बदली, तात्पुरता म्हणून ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात ती होती, नव्या केंद्रीय संहितेच्या परिशिष्टातही आहे. लिहिलेलं सगळं आहे. सिद्ध करायचं काम तुमच्यावर आहे.

कोर्टात कंत्राटी माणसाचं काय होतं, याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. 2001 च्या स्टील ॲथॉरिटी निकालानंतर ठेका बंद झाला म्हणून कंत्राटी कामगार आपोआप कंपनीच्या पटावर येत नाही. ठेका नावापुरता, दिखाऊ आहे हे दाखवावं लागतं. कसं? एअर इंडियाच्या कँटीन कामगारांच्या 2014 च्या निकालात न्यायालयाने कसोट्या सांगितल्या : नेमलं कुणी, पगार देतं कोण, काढायचा अधिकार कुणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो, सेवा सलग आहे का, आणि कामावर ताबा व देखरेख कुणाची, किती. ते कँटीन कामगार खटला हरले, हेही माहीत असू द्या. पण कसोट्या पाहिल्यात ना? इटलीच्या 1942 च्या कलमात जो प्रश्न आहे तोच हा. कुणाच्या अधीन, कुणाच्या निर्देशाने. ठेकेदाराचा माणूस महिन्यातून एकदा हजेरीपत्रक घ्यायला येत असेल आणि रोजचं काम कंपनीचा साहेब व्हॉट्सॲपवर वाटून देत असेल, तर तो मेसेज जपून ठेवायचा. तो डिलीट करून फोनमध्ये रीलसाठी जागा करू नका.

कोर्ट लांबची गोष्ट. त्याआधी हातात असलेल्या गोष्टी बघा. पीएफचा यूएएन क्रमांक एकच ठेवा. ठेकेदार बदलला की नवा काढू देऊ नका, जुनाच द्या. 'उमंग' ॲपवर पासबुक दर महिन्याला उघडा. पगारातून बारा टक्के कापले आणि पासबुकात आले नाहीत, तर आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड हवंच. तुमच्याकडून पाऊण टक्का कापला जातो, मालकाचा सव्वातीन टक्के असतो. बोट प्रेसमध्ये गेल्यावर कार्ड काढायला धावू नका, कारण मग अपघाताची तारीख आणि नोंदणीची तारीख यांचा घोळ होतो आणि भोगायला तुम्हीच लागता. ठेकेदार पगार बुडवून पळाला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि आताच्या कामगार संहितांतही आहे. नव्या संहितांनी नेमणूकपत्र सर्वांना सक्तीचं केलंय आणि मुदतीच्या करारावर घेतलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देऊ केलीय. मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता थोडं परमनंट मंडळींशी आणि लाइनवरच्या सुपरवायझरशी.

परमनंट कामगाराला या पट्ट्यात जे मिळालं ते संघटनेमुळे. 1989 च्या सप्टेंबरमध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले, पोलिसांनी त्यांना पहाटे उचललं, तो लढा मोडला. 2013 मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवस संप चालला. कंपनीचे शेअर एक रुपयाला द्या, ही त्यातली मागणी देशभर गाजली. मान्य झाली नाही. ते लढे चूक की बरोबर यावर आजही भोसरीत वाद घालणारे भेटतील. पण दोन्ही वेळा भांडणारे कामगार आहेत की नाहीत, असा प्रश्न कुणी विचारला नाही. आज त्याच शेडमध्ये शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी पोराला तो प्रश्न पहिल्या तारखेलाच विचारला जातो. तीन वर्षांच्या करारात आपली वाढ झाली की पेढे वाटणाऱ्या दादांनी त्याच बैठकीत कंत्राटींची एक मागणी घातली तर काय बिघडेल? निदान कँटीनचं ताट एक असावं.

सुपरवायझरचं दुखणं वेगळं. वरून टार्गेट, खालून शिव्या. इटलीत याच लोकांनी एकदा इतिहास घडवला. 1980 मध्ये फियाटच्या तुरिन कारखान्यात पस्तीस दिवस संप चालला होता, गेट अडवलेली होती. 14 ऑक्टोबरला फोरमन, मुकादम, कारकून असे लोक रस्त्यावर उतरले, संपाच्या विरोधात, 'आम्हाला काम करू द्या' म्हणत. मोर्चाचं नावच पडलं चाळीस हजारांचा मोर्चा. संप कोसळला. पण मोर्चेकरी मालकांच्या गटातही नव्हते आणि कामगारांच्याही. त्यांचं हे अधांतरीपण कायद्याच्याही ध्यानात आलं, आणि 1985 मध्ये इटलीने नोकरदारांच्या तीन वर्गांत चौथा घातला, 'क्वाद्री', मधल्या फळीचा. तोही 'सुबोर्दिनातो'च, संरक्षणासकट.

आपल्याकडे मधली फळी आहे, तिला घर नाही. युनियन म्हणते तू मॅनेजमेंटचा, मॅनेजमेंट म्हणते तू बदलता येण्यासारखा. म्हणून सुपरवायझर भावांनो, हाताखालच्या पोराला 'ए टोपी' म्हणून हाक मारू नका, त्याला नाव आहे. ब्रेक द्यायची यादी वरून आली तर ती आपल्या सहीने खाली पाठवण्याआधी लेखी आदेश मागा. उद्या चौकशीत 'सुपरवायझरने ठरवलं' असं म्हणायला साहेब एक क्षण लावत नाहीत. तुमचंही पत्र तसंच आहे, चौथ्या पानासकट.

आई-वडिलांनो, मुलगा कंपनीत काय लागला हे विचारताना पदनाम विचारू नका. नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे, पीएफ कोण भरतं, ज्यादा तासाचे पैसे मिळतात का, हे विचारा. भावकीत सांगायला 'ऑफिसर' छान वाटतं. तो ऑफिसर डिसेंबरात नोटीस पे घेऊन गावी आला, तर भावकी हप्ता भरायला येत नाही.

आणि तरुणांनो, बढतीचं पत्र हातात आलं की लगेच सही करू नका. दोन दिवस मागा. कुणीही शहाणा एचआरवाला दोन दिवस देतो, जो देत नाही त्याचं पत्र तर जास्त बारकाईने वाचा. इंग्रजी नीट कळत नसेल तर युनियनच्या ऑफिसात, ओळखीच्या कामगार वकिलाकडे किंवा पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात दाखवा. त्यांना दोनच गोष्टी विचारा : या सहीनंतर मी कायद्याने कामगार राहतो का, आणि राहत नसेन तर वाढलेला पगार त्या किमतीला परवडतो का? परवडत असेल तर खुशाल सही करा, पेढे आम्हालाही पाठवा. परवडत नसेल तर ऑपरेटरच राहा, आणि बायोडाटात तसंच लिहा.